आमच्या जमिनी ‘गेल्या’ म्हणजे नक्की काय झाले?

प्रत्येक घराण्यात एखाद्या आजोबांच्या आठवणींचा ठरलेला साठा असतो. आमच्याकडे तो अण्णांचा आहे. पुडीचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवणारे अण्णा, पानात भाताचे शीत राहू न देणारे अण्णा, दिवेलागणीला परवचा म्हणताना कुणी अडखळले की पुन्हा पावकीपासून सुरुवात करायला लावणारे अण्णा. (औटकी मला अजून येते. परवा नातवाला म्हणून दाखवली, तर म्हणाला, “आजी, साडेतीनचा पाढा लागतो कशाला?”)

हे सगळे खरे आहे. पितृपक्षात भावंडे या आठवणी एकमेकांना फोनवर पाठवतात, त्या वाचून मलाही बरे वाटते. पण माझी एक तक्रार आहे. अण्णांनी आयुष्यात जी सगळ्यात अवघड गोष्ट केली, ती या साठ्यात कुठेच नाही. त्या जागी एक वाक्य आहे : “आमच्या जमिनी कूळकायद्यात गेल्या हो!” हे वाक्य मी लग्नात ऐकले, मुंजीत ऐकले, तेराव्याच्या जेवणातसुद्धा ऐकले. अण्णांच्या तोंडून मात्र कधीही ऐकले नाही. आजोबांची शिकवण म्हणून आपण दोरा गुंडाळणे तेवढे उचलतो, कारण त्याला खर्च काही येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रागावलात तर रागवा.

नव्या पिढीसाठी थोडी माहिती देते. छत्तीस वर्षे वर्गावर उभी राहिले, ती सवय जात नाही.

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. त्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती विकत घेतली, असे कायद्याने मानायचे. फुकट नव्हे. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, साध्या कुळासाठी ती आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या मध्ये, आणि हप्त्यांनी फेडायची सोय. ज्या मालकाला खरोखर स्वतः कसायची असेल, त्याने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदारांकडे अर्ज करायचा, म्हणजे काही जमीन परत मिळू शकत होती. मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर विक्री पुढे ढकलली जाई.

आमच्या घरात या कायद्याबद्दल असे बोलतात, जणू कुणी दिल्लीहून येऊन रातोरात घर लुटले. कायदा मुंबई राज्याचा होता, ही गोष्ट अलाहिदा. आणि तो आभाळातून पडला नव्हता. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. खोती संपवणारा कायदा १९४९ चा. म्हणजे पंचवीस वर्षे लोक सांगत होते, आणि ज्यांना ऐकायचे होते त्यांना ऐकू येत होते.

आम्ही काही खोत नव्हतो. संगमेश्वर तालुक्यात थोडी भातशेती, ती एका कुणबी घराकडे अर्धेलीने. ते घर पिढ्यान् पिढ्या तेच कुणगे करत होते. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांच्या नातवंडांना आवडेल न आवडेल.

१९५६ च्या दिवाळीनंतर गावात वेगळीच धावपळ सुरू झाली. मी तेव्हा जेमतेम सात वर्षांची, त्यामुळे बरेचसे नंतर वडिलांकडून कळलेले आहे. कुणी कधी चिखलात पाय न घातलेले लोक ‘स्वतः कसणार’ म्हणून नोटिसा लिहून घेऊ लागले. कुणी कुळांकडून राजीनामे घेतले, म्हणजे ‘मी जमीन राजीखुशीने सोडतो’ अशा कागदावर अंगठा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटतर्फे दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याची पाहणी केली होती, तिचा अहवाल १९५७ चा. असे राजीनामे ठिकठिकाणी झाले होते, आणि त्यांतल्या ‘राजीखुशी’बद्दल त्यांनाही शंकाच आली होती. तेव्हा हे आमच्याच गावचे वेगळेपण नव्हते.

अण्णांनी नोटीस दिली नाही, राजीनामा मागितला नाही. साठी उलटलेली, दम्याचा त्रास, एक मुलगा मुंबईला नोकरीत आणि दुसरा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. कसणार कोण? “स्वतः कसणार असं लिहून देऊ कसं?” एवढेच ते म्हणत. यात थोर तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. खोटे लिहायचे नाही, इतकेच.

पण तेवढ्यावरही संपत नाही. त्याच हिवाळ्यात ते मला एकदा शेताकडे घेऊन गेले होते. दोन कुणग्यांच्या मध्ये दगडी बांध होता, माझ्या छातीपर्यंत येणारा. अण्णांनी विचारले, “हे दगड इथे कसे आले, सांग पाहू?” मी म्हटले, देवाने ठेवले. त्यांना खूप हसू आले. मग म्हणाले, “ह्यांच्या आज्याने पऱ्यातून एकेक वाहून आणले. आपल्या घरातल्या कुणी इथला दगड उचलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.” आणि आम्ही घरी आलो. मला त्या वेळी काही उमगले नाही, पण बांध लख्ख आठवतो.

आता दुसरी बाजू. घरात हाल झाले नाहीत असे मी म्हणणार नाही. वर्षाचा भात घरात येत होता तो बंद झाला. तांदूळ विकत आणायची सवय नसलेल्या घराला तो पहिला पावसाळा जड गेला. आजी कित्येक दिवस अण्णांशी बोलत नव्हती, पान वाढून आत निघून जायची. कोकणात खंडावरच ज्यांची गुजराण होती अशा कितीतरी एकट्या बायकांची त्या काळात ओढाताण झाली. ती मी पाहिली आहे, आणि तिची चेष्टा कुणी करू नये.

आमच्या घरातही एक अशी बाई होती. अण्णांच्या धाकट्या भावाची विधवा, आमची काकूआजी. एका वकिलांनी अण्णांना सुचवले की अर्धी जमीन वाटणीत तिच्याकडे गेली असे दाखवा, विधवेची म्हणून ती वाचेल. ‘दाखवा’ हा शब्द अण्णांना खटकला आणि त्यांनी ते केले नाही. ही गोष्ट घरात त्यांच्या सचोटीचा दाखला म्हणून कधीमधी सांगतात. इथे माझे अण्णांशी पटत नाही. दाखवायची कशाला? खरोखरच वाटणी करून तिचा वाटा तिच्या नावे आधीच केला असता, तर त्यात खोटे काय होते? पण विधवा भावजयीचा वाटा ही खरीच असू शकणारी गोष्ट आहे, हे त्यांच्या मनातही आले नसावे. त्या काळच्या पुरुषाची नजर तेवढीच जायची. काकूआजी अखेरपर्यंत स्वयंपाकघरात राबली, तिने कधी हिशेब मागितला नाही, आणि तिला तो कुणी दिलाही नाही. अण्णांना देव्हाऱ्यात बसवायचे नसेल तर हेही सांगायला हवे.

तसेही, जमीन राहिली असती तर तिच्या वाटण्या कुणात झाल्या असत्या? आम्हा बहिणींना ‘हक्कसोड करून द्या’ म्हणून राखीपौर्णिमेच्या आसपास प्रेमाने बोलावणे आले असते, झाले! :-)

किमतीचे हप्ते कचेरीत भरले जात आणि तिथून अण्णांना मिळत. प्रत्येक हप्त्याची नोंद त्यांच्या मोडीतल्या वहीत आहे. मला मोडी येत नाही, वडिलांनी वाचून दाखवले होते. शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारलेली आहे, आणि मग पुढे विड्याची पाने आणि टपाल यांचा खर्च सुरू होतो.

हे सगळे आज लिहायचे कारण असे. हप्ते फिटल्यावर कुळाने कलम ३२म खाली खरेदीचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. त्या घरी ते राहून गेले. त्यामुळे सातबारा काढला तर अजून मालक म्हणून अण्णांचे नाव दिसते आणि त्यांचे ‘इतर हक्कां’त. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाल्यापासून तिकडच्या जमिनींना भाव आला आहे. कुळाच्या नातवाने आता प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तेव्हा आम्हा सगळ्या वारसांना नोटिसा आल्या. आणि आमच्यातल्या काही जणांना वाटते की हरकत घ्यावी. निदान काहीतरी पदरात पाडून घ्यावे. वकीलपत्र माझ्याकडेही सहीसाठी आले आहे.

मुलांनो, तुमचा मुद्दा मी नीट ऐकला. कागद अपुरा आहे, तर हक्क का सोडायचा? कोर्टात तुमचा वकील काय सांगेल ते सांगो. मला एवढेच दिसते की पैसे ठरले, ते भरले गेले आणि आपल्या आजोबांनी ते घेतले. वही माझ्या कपाटात आहे. त्या पैशातून माझ्या वडिलांच्या आजारपणाचा खर्च निघाला, मुंबईच्या काकांची पहिली खोली झाली. ज्या मालाची किंमत घेतली, तो पुन्हा मागायला जाणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि हे करताना अण्णांचा फोटो हार घालून भिंतीवर ठेवणार असाल, तर आधी तो उतरवा.

‘थोडे पैसे घेऊन मिटवू, त्यांनाही परवडेल’ हे जे कुणी सुचवले आहे, ते मला सगळ्यात वाईट वाटले. म्हणजे त्या मुलाला कचेरीच्या फेऱ्यांनी दमवायचे आणि दमला की किंमत सांगायची. १९५६ साली अंगठे घेणारे तरी दुसरे काय करत होते?

वकीलपत्रावर मी सही करणार नाही. माझी हरकत नाही, किंमत पूर्ण पोचली आहे, असे प्रतिज्ञापत्र मात्र करून देणार आहे. सोबत वहीतल्या त्या पानांची छायाप्रत आणि मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी करून दिलेले देवनागरी लिप्यंतर जोडते आहे. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता नोटरीकडे जायचे आहे. भावंडांपैकी ज्यांना सही द्यायची असेल त्यांनी आधारकार्ड घेऊन यावे, चहा माझ्याकडे.