शब्दांच्या आधीचे रामटेक

पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही 'माझ्या गावाचा इतिहास' या विषयावर निबंध लिहायला सांगतो. रामटेक परिसरातील मुलांचे निबंध बहुधा एकाच वाटेने जातात. गडमंदिर, कालिदास, मेघदूत, वाकाटक आणि शेवटी 'असा आमचा वैभवशाली वारसा'. मध्यंतरी नयाकुंडच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र दोन पाने गडमंदिरावर लिहून शेवटी एकच ओळ जोडली होती : 'आमच्या गावाला स्वतःचा असा इतिहास नाही.' भाषेच्या चुका तपासण्यासाठी हाती घेतलेले लाल पेन त्या ओळीपाशी थांबले. ओळीत चूक नव्हती. चूक असलीच तर ती शिकवणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

कारण नयाकुंड हे इतिहास नसलेले ठिकाण नव्हे. रामटेकच्या शेजारी, पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीकाठच्या या गावी १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. तेथे महापाषाणयुगीन लोकांची शिलावर्तुळे आहेत, त्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत आणि लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. या भट्टीचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटात 'रामगिरी' हे नाव कोरले जाण्यापूर्वी हजारएक वर्षे येथे कोणीतरी भाता चालवीत होते, मातीच्या बाकदार विटा रचीत होते आणि आपल्या मृतांभोवती मोठमोठे दगड गोलाकार मांडीत होते.

विदर्भात अशी ठिकाणे अनेक आहेत. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळांची नोंद झाली आहे. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांवर लेख लिहिला आणि दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे लक्ष वेधले. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. माहुरझरी आणि टाकळघाट-खापा येथील उत्खननेही प्रसिद्ध आहेत. माणसांसोबत पुरलेले घोडे, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम आणि कुऱ्हाडी, रंगीत दगडांचे मणी : एवढे सगळे या वर्तुळांच्या पोटात होते. घोड्याला सजवून आपल्या माणसाबरोबर मातीत ठेवणाऱ्यांना शोक ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल?

असे असूनही आमच्या अध्यापनात हे लोक नाहीत. आम्ही साहित्याचे लोक; भूतकाळ मानतो तो शब्दातून आलेला. मेघदूतातील रामगिरी म्हणजेच रामटेक, या मतासाठी वा. वि. मिराशींनी केलेला युक्तिवाद आम्ही तन्मयतेने शिकवतो. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघालेले हरिपाळदेव ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशी कसे पोहोचले, हा लीळाचरित्रातील प्रसंग सांगताना आमचा आवाज आजही बदलतो. ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी एक अक्षरही मागे ठेवले नाही, त्यांच्यासमोर आल्यावर आमची जिज्ञासा अचानक संपते. नागपूर-रामटेक प्रवासात वर्षानुवर्षे खिडकीबाहेर पाहूनही आम्ही कधी पेंचच्या काठी उतरलो नाही, ही कबुली येथे द्यायलाच हवी.

या संदर्भात भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटाचे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते. माल्टा आणि त्याच्या शेजारचे गोझो येथे इ. स. पूर्व ३६०० ते २५०० या काळात प्रचंड शिळांची मंदिरे उभारली गेली. आपली शिलावर्तुळे त्यांहून फार नंतरची, ती दफनाची स्थळे, आणि दोहोंत कसलाही संबंध नाही. साम्य एवढेच, की बांधणाऱ्यांनी लेखन मागे ठेवले नाही. गोझोवरील मंदिराचे जिगांतिया हे नावही 'राक्षसांचे' अशा अर्थाचे. मूल सांभाळत एका राक्षसिणीने हे दगड वाहून आणले, अशी कथा तेथे सांगतात. माल्टाची आजची भाषा अरबीशी नाते सांगणारी, मंदिरांच्या नंतर हजारो वर्षांनी तेथे रुजलेली. तरीही तो देश त्या दगडांना परके मानत नाही. जिगांतियाला १९८० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, १९९२ मध्ये त्यात इतर मंदिरांची भर पडली. २००१ मध्ये म्नायद्रा येथील शिळा समाजकंटकांनी पाडल्या, तेव्हा लोक निषेधासाठी एकत्र आले. २००८ मध्ये युरो चलन आले, तेव्हा सर्वांत लहान नाण्यांवर त्याच म्नायद्राची प्रतिमा छापली गेली. सुट्या पैशांतही आपला निःशब्द भूतकाळ खिशात बाळगणारा हा समाज आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. हे काम पुरातत्त्वाचे. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात पडू नये. उत्खनन आमचे काम नाही, हे मान्य. परंतु दगडाभोवती साचलेली भाषा कोणी गोळा करायची? शेतातल्या वर्तुळाला त्या शेताचा मालक काय म्हणतो, तेथे नांगर का वळवतात किंवा का वळवत नाहीत, एखाद्या दगडाला शेंदूर कधी लागला, गुराख्यांच्या गोष्टींत तो कसा येतो, हे टिपण्याची साधने भाषेच्या विद्यार्थ्याजवळच आहेत. प्रकल्पासाठी तेच ते कादंबरीचे समीक्षण लिहून घेण्याऐवजी एका वर्गाने आपापल्या गावातील अशा स्थळांची नावे आणि कथा नोंदवल्या, तर तो बोलीचा अभ्यास होईल आणि लोकसाहित्याचाही. नांगरट, मुरूम खणणे आणि पसरत चाललेली वस्ती यांपुढे दगड हलतात. दगड हलला की त्याची गोष्ट सांगणाराही गप्प होतो.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. त्या लोकांची भाषा कोणती, ते आपले पूर्वज होते काय, याची उत्तरे भावनेच्या भरात देऊ नयेत. मौन दिसले की त्यात आपले शब्द भरण्याची घाई आम्हा साहित्यिकांना फार असते. प्रत्येक टेकडीवर रामगिरी शोधणे हेही अखेर न वाचण्याचेच एक रूप आहे.

त्या विद्यार्थिनीच्या ओळीखाली आम्ही शेरा न लिहिता एक प्रश्न लिहिला : 'तुमच्या शिवारात दगडांचे गोल आहेत का? आजीला विचारून सांगावे.' आठवड्याने ती वर्गाबाहेर थांबली होती. म्हणाली, "आहेत मॅडम. आमच्या वावरातच दोन होते. एक बाबांनी बांधासाठी काढला. दुसरा काढू नका म्हणून मी सांगितलं आहे."

एका वर्तुळापुरता का होईना, आमचा अभ्यासक्रम त्या दिवशी सुरू झाला.