गरम आहे तोवरच तपासा

उन्हाळा चढला की यावल, फैजपूर, सावदा पट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालते, मग चालता चालता बंद पडते. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन उचलत नाही. गिऱ्हाईक टोचन लावून गाडी आपल्या दारात आणते. तोवर अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. आपण किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. मग दोन वायरी हलवायच्या, प्लग साफ करायचे आणि गाडी द्यायची. आठवड्याच्या आत तीच गाडी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर केळीच्या ट्रकांच्या रांगेत पुन्हा उभी.

दुसऱ्या खेपेला ‘पार्ट टाकून पाहू’ सुरू होते. आधी पेट्रोल पंप, मग कॉइल, शेवटी इसीएमवर संशय. आमचे म्हणणे एवढेच : गरम झाल्यावर येणारा दोष थंड गाडीत नसतो. थंड गाडी तपासणे म्हणजे धडधाकट गाडी तपासणे. तो दोष घडत असताना पकडावा लागतो आणि त्यासाठी गाडी मुद्दाम तापवावी लागते. सपाट रस्त्यावर दोष येत नसेल तर एसी लावून पालच्या चढावर न्या. बरोबर एक माणूस, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि स्कॅनर असू द्या. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांतच संपतो. त्यामुळे चाचणी गर्दीच्या वेळी करू नका आणि ती नवशिक्या हेल्परवर सोपवू नका.

गाडी तापवण्याआधी गिऱ्हाइकाला नीट विचारले तर निम्मे काम होते. गाडी किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद झाली, की आधी झटके देत, दम तोडत थांबली? एकदम बंद झाली तर पहिला संशय करंटवर, म्हणजे सेन्सर, रिले, इग्निशन स्विच यांच्यावर. अडखळत थांबली तर इंधनावर. ती चालताना बंद पडली, की चहाला थांबल्यावर सुरू झाली नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते, वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटे उलट वाढते. इंजेक्टर गळत असेल किंवा पाण्याचा टेम्परेचर सेन्सर गरम इंजिनला थंड समजत असेल, तर याच वेळी पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होतात. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत हे कोडे तिथेच सुटते.

पेट्रोल गाडी गरम अवस्थेत बंद पडली की पहिला प्रश्न एकच : प्लगला करंट आणि इंजेक्टरला पल्स, दोन्ही गेले की एकच? दोन्ही गेले असतील तर पंपाच्या मागे लागू नका. क्रँक सेन्सर पाहा. दोन वायरींच्या जुन्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. ते तापले, प्रसरण पावले की आतला जोड सुटतो आणि थंड झाला की पुन्हा टेकतो. थंड असताना मीटर काही शे ओहम दाखवतो, गरम असताना सर्किट ओपन. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला मात्र ओहम लावून काही कळत नाही; तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल पाहावा लागतो. स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसत असेल तर इशारा पुरेसा आहे. कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष धरू नका. अनेकदा कोड पडतच नाही. आणि सेन्सर मागवण्याआधी त्याचा कप्लर व वायरिंगही गरम असतानाच हलवून पाहा.

कार्ब्युरेटरच्या काळात खानदेशातला प्रत्येक ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत असे. तेव्हा ते बरोबरच होते. पद्मिनी, अॅम्बेसेडर, जुनी मारुती ८०० यांचा पंप इंजिनलाच बसवलेला. ४५ अंशांच्या उन्हात पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. आताच्या इंजेक्शन गाडीत पंप टाकीत असतो आणि पाइपात साधारण तीन बारचा दाब असतो, त्यामुळे ‘पेट्रोलची वाफ झाली’ हे निदान क्वचितच खरे ठरते. फडके मात्र फेकू नका. संशयित सेन्सरवर, कॉइलवर किंवा मोड्यूलवर ते पिळून ठेवा; लगेच गाडी सुरू झाली तर चोर सापडला. तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर थेट थंड पाणी तेवढे ओतू नका.

करंट आहे पण प्रेशर नाही, असे निघाले तर पंप. तिथेही गेज लावल्याशिवाय टाकी उतरवू नये. पंपाच्या कप्लरवर लोड असताना किती व्होल्ट येतात ते आधी मोजा. तापलेला रिले आणि गंजलेला अर्थ यांच्यापायी चांगले पंप भंगारात गेले आहेत. रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहायला पैसा लागत नाही. टाकीच्या तळाला मूठ मारल्यावर पंप गुणगुणू लागला, तर ब्रश संपले समजा. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे एकदा समजावून सांगायला हवे.

सध्या प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फुटते. वीस टक्के इथेनॉलने जुने रबर फुगते, टाकीतला साचलेला मळ सुटून फिल्टर तुंबतो, हे खरेच. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाफेचा त्रासही वाढू शकतो. पण एकदम बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणाऱ्या इंजेक्शन गाडीत दोष इथेनॉलचा म्हणणे घाईचे आहे. त्या अर्ध्या तासात टाकीतले पेट्रोल बदललेले नसते.

डिझेलची तऱ्हा वेगळी. रोटरी पंपाच्या जुन्या गाडीत डिझेल तापून पातळ होते, झिजलेल्या हेडमधून गळते आणि सेल्फच्या वेगाला दाब तयार होत नाही. पंपावर ओले फडके ठेवल्यावर सुरू झाली तर हेड गेले. कॉमन रेलमध्ये हेच काम इंजेक्टरचा रिटर्न करतो. सेल्फ मारताना रेल प्रेशर ठरावीक पातळी गाठत नसेल तर इसीएम इंजेक्टर उघडतच नाही. रिटर्नला बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त सोडतो ते पाहा, अर्थात इंजिन गरम असतानाच. नट ढिला करून डिझेल येते का पाहण्याची जुनी सवय कॉमन रेलवर कदापि नको. ती धार कातडीत शिरते. सीएनजीवर खूप पळालेल्या गाडीत टॅपेटचा गॅपही तपासा, कारण सीट झिजून गॅप संपला की गरम व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

आता पैशांचे. पार्ट टाकून पाहण्याची सवय अज्ञानातून कमी आणि बिलातून जास्त आली आहे. दोन तास गाडी पळवून दोष शोधला तर त्याची मजुरी मागायला आपल्याला संकोच वाटतो. पार्टवर मात्र चार पैसे सुटतात. म्हणून चुकीचा पार्ट बसतो, गिऱ्हाईक दुखावते आणि तीच गाडी जळगावच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊन तपासणीचे पैसे निमूट भरते. आपल्या भिंतीवर तपासणीच्या मजुरीचा दर लावा आणि गाडी हातात घेण्याआधी तो तोंडीही सांगा.

आणखी एक काम याच महिन्यापासून सुरू करा. अशी तक्रार फोनवर आली की गिऱ्हाइकाला सांगा : गाडी सुरक्षित बाजूला घ्या, सेल्फ मारताना डॅशबोर्डचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि टोचन लावण्याआधी पाठवा. इंजिन लाइट, इमोबिलायझरचा दिवा, आरपीएमची सुई, तापमान, टाकीतले पेट्रोल असे सगळे त्यात दिसते. काही गाड्यांत सुई सेल्फच्या वेळी एरवीही हलत नाही, म्हणून गाडी थंड झाल्यावर तसाच दुसरा व्हिडिओ मागवून दोन्ही ताडून पाहा.

तुमच्याकडे गरम अवस्थेत पकडलेल्या दोषाची नोंद असेल, तर गाडीचे मॉडेल, मीटरचे थंड-गरम आकडे आणि शेवटी काय निघाले, एवढे आम्हाला लिहून पाठवा. पार्ट बदलूनही दोष राहिला असेल तर तेही लिहा. आम्ही ते छापू.