फणसाचे झाड तोडण्यापूर्वी

फणस हा मूळचा आपल्या पश्चिम घाटातील वृक्ष मानला जातो. वड, उंबर व तुती यांच्याच कुळात त्याची गणना होते. त्याची फळे कोवळ्या डहाळ्यांना न लागता बुंध्याला व जाड फांद्यांना लागतात. कित्येकदा २० किलोंहून अधिक भरणारे फळ पेलावयास तशीच बळकट जागा हवी. ज्याला आपण एक फळ म्हणतो तो वस्तुतः असंख्य फुलांचा समूह होय. ज्या फुलात फलन झाले त्याचा गरा होतो. ज्यात झाले नाही त्याच्या चिवट पाती गऱ्यांभोवती उरतात.

नर व मादी फुलोरे एकाच झाडावर, परंतु निरनिराळे येतात आणि पराग पुष्कळदा दुसऱ्या झाडावरून येतो. म्हणून आठळीपासून वाढलेले झाड मातृवृक्षासारखेच निपजेल असे नाही. कोकणात कापा व बरका हे दोन भेद सर्वांस ठाऊक आहेत; पण दोन कापे फणसही गोडीत, रंगात वा आकारात क्वचितच सारखे असतात. अर्थात आठळीतून उगवलेला प्रत्येक फणस हा स्वतंत्र नमुना आहे.

हे ध्यानी न घेताच आपण जुनी झाडे तोडतो. पिवळसर, टिकाऊ लाकडाला मागणी असते. वीणा व मृदंगही त्यापासून घडवितात. ‘एक गेले तर दुसरे लावू’ असे आपण म्हणतो, पण गेलेला गुण नव्या रोपात परत येईलच असे नाही. शिवाय आठळी वाळली की रुजत नाही. धान्याप्रमाणे ती कोठारात साठविता येत नाही. जिवंत झाड हेच तिचे कोठार.

कर्नाटकातील तुमकूरु जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या झाडास सुमारे २.५ किलोंची, तांबूस गऱ्यांची फळे येतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ते पारखले आणि ‘सिद्दू’ या नावाने त्याची कलमे प्रसृत झाली. ते झाड आधीच करवतीखाली गेले असते तर?

केरळने २०१८ साली फणसास राज्यफळाचा मान दिला, हे योग्यच झाले. परंतु खरा मान झाड राखण्यात आहे. गावोगावच्या शाळांनी उत्तम फणसांची नोंद करावी. आणि तोडणे अटळच असेल तर आधी कलम बांधावे, मगच कुऱ्हाड उचलावी.