परतीचं भाडं

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वसाहतकाळावर लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्यांत एक कथासूत्र पुन्हापुन्हा भेटतं. माळरानावर एकटा पडलेला विधुर, आईविना वाढणारं मूल, घोडागाडीतून उतरलेली अनोळखी बाई आणि दोघांनी गरजेपोटी उरकलेलं लग्न. प्रेम येतं ते पुढे, दीड-दोनशे पानांनंतर. या सोयीच्या लग्नांवर दोन बाजूंनी टीका होते. एक बाजू म्हणते, बाईच्या लाचारीला इथे गुलाबी रंग दिला जातो. डोक्यावर छप्पर नाही म्हणून जी ‘हो’ म्हणाली, तिचा होकार खरा कसा मानायचा? दुसरी प्रतिक्रिया मराठी वाचकाची असते: यात नवल ते काय, आमच्या आज्या-पणज्यांची लग्नं अशीच झाली की!

दुसऱ्या आक्षेपाचा निकाल लवकर लागतो. आपल्याकडे ठरवून केलेलं लग्न दोन घरांमधलं असतं. बोलणी वडीलधारे करतात, देणंघेणं तेच ठरवतात आणि मुलीच्या वाट्याला बहुधा मान डोलावणं येतं. या कादंबऱ्यांत मधे कुणीच नसतं. बाई आणि पुरुष समोरासमोर उभे राहून अटी घालतात: कामं कुणी कोणती करायची, निजायचं कुठे, जमलं नाही तर काय. ही बोलणीच कथेचा कणा आहेत. आपल्या पणजीला असं बोलायची मुभा कुणी दिली होती?

पहिला आक्षेप वजनदार आहे, कारण इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे. १८५० साली ऑरेगनसाठी केलेल्या जमीनवाटपाच्या कायद्याने एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि विवाहिताला ६४० एकर मिळत, त्यांतला अर्धा भाग बायकोच्या स्वतःच्या नावावर. बायको आली की जमीन दुप्पट. मग बायका शोधायची धावपळ उडाली आणि अगदी कोवळ्या मुलींची लग्नं लागली. शिवाय ती जमीन होती तिथल्या आदिवासी जमातींची, याबद्दल बहुतेक कादंबऱ्या अवाक्षर काढत नाहीत. हा या साहित्याचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याचा बचाव करता येणार नाही.

पण लग्न हा व्यवहार होता हे दाखवणं म्हणजे त्या व्यवहाराची भलामण करणं नव्हे. उलट प्रेमाने सुरू होऊन लग्नाच्या मांडवात संपणारी कादंबरीच व्यवहार लपवते. घर कुणाच्या नावावर, चूल कोण पेटवणार, पैशाला हात कोण लावणार, हे प्रश्न शेवटच्या पानानंतर उरतात आणि वाचकाला ते दिसत नाहीत. सोयीच्या लग्नाची कादंबरी पहिल्याच प्रकरणात ते टेबलावर ठेवते.

कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही १९७९ची कादंबरी पाहा. मार्टी गरोदर आहे, नवरा अपघातात गेला आहे. त्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस हा विधुर येऊन लग्नाचं विचारतो. त्याला त्याच्या लहानग्या मिसीसाठी आई हवी आहे. मार्टी संतापते, पण हिवाळा तोंडावर आलाय आणि जायला ठिकाण नाही. इथवर टीकाकारांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मात्र क्लार्क सोबत एक वचन देतो: वसंतात पूर्वेकडे गाड्यांचा तांडा निघेल, तेव्हा तुला जायचं असेल तर भाडं मी देईन, तू मिसीला मात्र सोबत घेऊन जा. मग तो आपलं अंथरूण घराला जोडलेल्या पडवीत हलवतो. मार्टीला धड स्वयंपाक येत नाही, जेवणाच्या प्रत्येक वेळी ती पॅनकेकच वाढत राहते आणि तो निमूटपणे खातो. या पॅनकेकच्या पानांत मला प्रेमाच्या कबुलीजबाबापेक्षा जास्त ऐवज दिसतो. नवरा म्हणून कायद्याने आणि धर्माने मिळालेला हक्क हा माणूस वापरत नाही. तिचा खरा होकार लग्नानंतर कित्येक महिन्यांनी येतो, आणि परतीचं भाडं कबूल झालेलं असल्यामुळेच त्याला होकार म्हणता येतं.

पॅट्रिशिया मॅकलॅक्लन यांच्या ‘सारा, प्लेन अँड टॉल’ (१९८५) या बालकादंबरीतही हेच सूत्र आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून सारा मेन राज्याच्या समुद्रकाठाहून गवताळ प्रदेशात येते ती महिनाभर राहून बघायला. तिथे ती हट्टाने गाडी हाकायला शिकते आणि एके दिवशी एकटीच गावात निघून जाते. मुलं धास्तावून वाट बघतात. संध्याकाळी ती परतते, चित्रं काढायला समुद्राच्या रंगांच्या पेन्सिली घेऊन. तिला जाता येत होतं, म्हणून तिच्या परतण्याला किंमत आहे.

हे सगळं लेखिकांचं स्वप्नरंजन, असं म्हणणाऱ्यांनी एलिनॉर प्रुइट स्टुअर्ट यांची १९१४ साली पुस्तकरूपात आलेली पत्रं वाचावीत. लहान मुलीला घेऊन त्या १९०९ साली वायोमिंगमध्ये क्लाइड स्टुअर्ट या पशुपालकाच्या घरी घरकामाला आल्या आणि काही आठवड्यांतच त्यांनी त्याच्याशी लग्न केलं. पण त्याआधी शेजारच्या जमिनीवर स्वतःच्या नावाने दावा दाखल केला, कारण १८६२च्या होमस्टेड कायद्याने एकट्या बाईला तो हक्क होता आणि विवाहितेला सहसा नव्हता. लग्नाआधी आपला कागद पक्का करणारी ही बाई लाचार नव्हती.

सरसकट सगळ्या कादंबऱ्यांची वकिली मला करायची नाही. कॅथलीन वुडिविस यांच्या १९७२च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्ये नायक आधी बलात्कार करतो, मग त्याला लग्न करावं लागतं आणि पुढे त्यालाच प्रेम म्हटलं जातं. ती कादंबरी खूप खपली, पण माझ्या मते ती टाकाऊ आहे. नायिकेला तिथून निघून जाता येत नाही, त्यामुळे तिच्या राहण्याला अर्थ उरत नाही.

आपल्या इतिहासात ही कसोटी रखमाबाईंनी लावली. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा हवाला देऊन १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असं सुनावलं. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. लग्न झालं म्हणजे संमती मिळाली, हाच त्या निकालाचा पाया होता. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत पत्नीवरचा बलात्कार गुन्हा ठरायला १९९३ साल उजाडलं. आपल्या २०२३च्या भारतीय न्याय संहितेत, कलम ६३खाली, अठरा वर्षांवरच्या पत्नीबाबत पतीला दिलेली सूट आजही कायम आहे. भाविक ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेल्या एका साध्या कादंबरीतला क्लार्क डेव्हिस पडवीत निजून जे पाळतो, ते आपला कायदा अजून मागत नाही.