परदेशी पगारातला न परतणारा वाटा

कंपनी परदेशी पाठवते तेव्हा पगाराच्या दोन रीती असतात. पहिलीत कर्मचारी भारतातल्याच पगारपत्रकावर राहतो. तिथल्या खर्चासाठी वेगळा भत्ता मिळतो, राहण्याची सोय बहुधा कंपनी करते आणि इथली भविष्यनिर्वाह निधीची (पीएफ) वर्गणी चालू राहते. दुसरीत तो तिथल्या पगारपत्रकावर जातो. मग पगार तिथल्या बाजारभावाने, कर तिथला, विमा आणि निवृत्तिवेतनही तिथल्याच कायद्याने. यालाच स्थानिक अटी म्हणतात.

असे पगार अनेकदा डॉलरला रुपयांनी गुणून सांगितले जातात. या सवयीविरुद्ध हा स्तंभ अनेकदा बोलला आहे. गुणाकार चुकत नाही, पण पगारातून कापलेला कोणता पैसा परत येणार आणि कोणता कायमचा गेला, हे त्यात कुठेच दिसत नाही. ते दिसण्यासाठी अमेरिका आणि जर्मनी शेजारी ठेवून पाहावीत.

एच-१बी व्हिसावर गेलेल्याला तिथल्या प्रचलित वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. पण त्याच पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी 6.2 टक्के आणि मेडिकेअरसाठी 1.45 टक्के कापले जातात, आणि तेवढीच भर कंपनी घालते. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी 40 क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त 4 मिळतात, म्हणजे किमान 10 वर्षे हवीत. एच-१बीची मुदत साधारण 6 वर्षांची आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनाच ती वाढवून मिळते. सहा वर्षांनी परतणाऱ्याला ना निवृत्तिवेतन मिळते, ना कापलेली रक्कम. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करारच नसल्यामुळे भारतातली पीएफची वर्षेही तिथे मोजली जात नाहीत.

जर्मनीत कपात याहून मोठी आहे: निवृत्तिवेतनासाठी कर्मचाऱ्याकडून 9.3 टक्के आणि कंपनीकडूनही तेवढेच. तरीही हिशोब वेगळा लागतो, कारण भारत-जर्मनी करार 2017 पासून लागू आहे. भारतीय कंपनीच्याच नोकरीत राहून गेलेल्याने पीएफ कार्यालयाचे कव्हरेज प्रमाणपत्र नेले, तर 48 महिन्यांपर्यंत तिथली निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. स्थानिक अटींवर गेलेल्याला ही सूट नाही. मात्र किमान 5 वर्षांची अट पुरी करताना त्याची भारतातली पीएफची वर्षे धरली जातात, आणि तिथे भरलेल्या वर्षांपुरते निवृत्तिवेतन पुढे भारतात राहूनही मिळू शकते. जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता सामावतात. अमेरिकेत कुटुंबाच्या विम्याचा हप्ता पगारातून जातो. छोटा दिसणारा जर्मन पगार म्हणूनच अनेकदा जास्त पुरतो. जपान आणि ऑस्ट्रेलियाशीही भारताचे असे करार 2016 पासून लागू आहेत.

हा प्रश्न जुना आहे. 1897 मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या विनिमय भत्त्यावर टीका केली होती. रुपया घसरला की त्या अधिकाऱ्यांचे नुकसान भारताची तिजोरी भरून देत होती. पगार कोणत्या देशाच्या मापाने ठरतो आणि तोटा कोणाच्या पदरात पडतो, हे एकत्रच पाहावे लागते, ही त्यांची शिकवण आजच्या नेमणूकपत्रालाही लागू पडते.

स्थानिक अटींच्या पत्रात म्हणून चार गोष्टी स्पष्ट हव्यात. पीएफ चालू राहणार की थांबणार. करार नसलेल्या देशात बुडणाऱ्या वर्गणीची भरपाई मिळणार का. परतल्यावर कोणत्या पदावर आणि पगारावर घेणार. आणि परदेशातला काळ ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवेत धरणार का. यातली शेवटची सर्वात दुर्लक्षित आहे, कारण नोकरी परदेशी उपकंपनीकडे गेली की सेवेत खंड पडू शकतो.

पुण्यात 1981 मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसच्या म्हैसूरमधील प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातूनही मुले येतात. त्यांच्यातले जे पुढे परदेशी जातील, त्यांना हा हिशोब विमानात बसण्याआधी यायला हवा. पत्रावर सही झाल्यानंतर त्यातल्या अटी बदलून घेणे फार थोड्यांना जमते.