आपल्या गावाकडे पाहताना

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी जळगावला उतरतो आणि तडक लेण्यांचा रस्ता धरतो. मधले शहर त्याच्या लेखी गाडी बदलण्याचे ठिकाण. पण त्याला दोष कसा द्यावा? जळगावात किंवा धुळ्यात जन्म काढलेल्या आपल्यालाही येथे पाहण्यासारखे काही आहे असे मनापासून वाटत नाही. पाहुणे आले की आपण त्यांना बाहेरगावीच फिरावयास नेतो.

या समजुतीला खानदेशातच एका कलावंताने आयुष्यभर उत्तर दिले. केकी मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईत झाला. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावी परतले आणि १९८९ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत कित्येक दशके त्यांनी स्टेशनाजवळच्या आपल्या घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडावयाच्या, त्यांवर प्रकाश योजावयाचा आणि कॅमेऱ्यातून अवघा निसर्गदेखावा उभा करावयाचा, ही त्यांची 'टेबलटॉप' छायाचित्रणाची रीत. आपण दूरदेशीचे दृश्य पाहत आहोत, असे पाहणाऱ्यास वाटावे! सौंदर्य पाहण्यास प्रवासापेक्षा सबुरी अधिक लागते, हे त्या घराने दाखवून दिले. आज ते कलादालन म्हणून जतन केलेले आहे.

परंतु एवढ्यावर थांबून भागणार नाही. टेबलावरच्या वस्तू मुक्या असतात. रस्त्यावरच्या माणसाला त्याचे म्हणणे असते. नंदुरबार-दोंडाईचा भागात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. उंचावरून घेतलेली त्यांची छायाचित्रे डोळ्यांचे पारणे फेडतात. त्या लाल गालिच्यावर ठिपक्याएवढी दिसणारी बाई मात्र दिवसभर मिरची निवडत असते. तिच्या हातांची आग होते, खोकल्याची उबळ येते. छायाचित्रात रंग उतरतो, ठसका उतरत नाही. तो उतरावा असे वाटत असेल तर छायाचित्रकाराने खाली येऊन तिच्याशेजारी बसले पाहिजे.

याचा अर्थ कष्टकऱ्याचे केवळ दैन्यच टिपावे असा नव्हे. केळीचा घड खांद्यावर तोलून चालणाऱ्या मजुराच्या पावलांत लय असते. डाळ मिलच्या अंगणात वाळवण फिरवणाऱ्या हातांत वर्षानुवर्षांचे कसब असते. हे सौंदर्य त्यांच्या मालकीचे आहे. छायाचित्रकार त्याचा साक्षीदार.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. टिपणारा स्वतः मागे राहिला, म्हणून ते बोल आपल्यापर्यंत पोचले. आज खिशाखिशात कॅमेरा आहे. पण आपण टिपतो काय? व्यासपीठ, हारतुरे आणि पुढाऱ्याशेजारी उभे असलेले आपण स्वतः!

जे गाव आपल्याला पाहण्याजोगे वाटत नाही, त्याच्या नदीसाठी, बाजारासाठी, तेथल्या माणसांसाठी झगडावेसेही वाटत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. येत्या रविवारी आपल्याच पेठेतून सावकाश एक फेरी मारावी आणि एकच छायाचित्र घ्यावे. ज्याचे घ्यावयाचे त्याची आधी परवानगी घ्यावी, नाव विचारावे, चार शब्द बोलावे. आणि पुढच्या रविवारी त्याची एक प्रत त्याच्या हाती नेऊन द्यावी.