पाळी चुकली? आधी चाचणी, मग गोळी

गरोदरपणासाठी आपल्या भाषेत 'दिवस गेले' असा शब्द आहे. मला तो शब्द आवडतो, कारण गरोदरपणाचे निदान खरोखरच दिवसांच्या हिशेबापासून सुरू होते. पण 'शेवटची पाळी कधी आली होती?' असे विचारले की नेमकी तारीख सांगणाऱ्या स्त्रिया थोड्याच असतात. "गणपती बसायच्या आधी", "नणंदेच्या लग्नात अडचण होती ना, तेव्हा" अशी उत्तरे येतात. हरकत नाही. सण, उपास, लग्न यांवरून तारीख काढता येते. तरी भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचा आणि गॅस सिलिंडरचा हिशेब लिहिता, त्यावर पाळीच्या पहिल्या दिवशी एक टिंब द्या. कुणाला कळणारही नाही, आणि वेळ आली तर ते टिंब महागड्या तपासणीइतके उपयोगी पडेल.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. मग मी या विषयात का पडतो? कारण गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच स्त्रिया माझ्यासारख्या डॉक्टरकडेच येतात. तक्रार असते मळमळीची, ॲसिडिटीची, थकव्याची, चक्कर येण्याची, वारंवार लघवीला जावे लागण्याची. घरात कुणी म्हणते पित्त झाले, कुणी म्हणते रक्त कमी झाले. औषध दिले जाते, कधी पोटाचा एक्स-रेही काढला जातो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला कोणत्याही डॉक्टरने पाळीची तारीख विचारलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि डॉक्टर विसरला, तर तुम्ही आपणहून सांगितली पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट ही औषधे गर्भाला धोक्याची आहेत. अशी औषधे चालू असतील तर मनाने बंद करू नका, पण पाळी चुकताच डॉक्टरांना कळवा. थायरॉईडच्या गोळीचे उलटे आहे. गरोदरपणात तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो.

आता हिशेब. पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. गर्भ राहिला तर तो आठ-दहा दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, आणि मग एचसीजी नावाचे हार्मोन तयार होऊ लागते. लघवीच्या चाचणीत तेच सापडते. म्हणजे संबंध आल्यावर दुसऱ्या दिवशी चाचणी करून काहीच कळत नाही. ती पाळीची तारीख उलटल्यावर करायची.

गर्भाचे वय डॉक्टर गर्भ राहिल्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा, पाळी 1 जूनला आली. गर्भ राहिला 14 जूनच्या सुमारास. 29 जूनला पाळी यायला हवी होती, ती आली नाही. त्या दिवशी डॉक्टरांच्या हिशेबाने चार आठवडे झाले, प्रत्यक्षात गर्भ दोनच आठवड्यांचा. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढताना पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात, म्हणजे 8 मार्च.

हे दोन आठवडे समजून घ्या, कारण त्यांच्यावरून संसारात विष कालवले जाते. नवरा बोटीवर किंवा आखातात नोकरीला असतो. तो पाच आठवड्यांपूर्वी सुट्टीवर आला होता आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेले असते 'सात आठवडे'. मग कुजबुज सुरू होते, सासू बोटे मोजते. खरे तर तो रिपोर्ट तंतोतंत जुळणारा असतो! सातातून दोन वजा केले की पाच. रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी हे एक वाक्य नवऱ्यालाही समजावून सांगावे, असे मला नेहमी वाटते.

चाचणीसाठी मेडिकलच्या दुकानात साधी पट्टी मिळते. आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किटही असते. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच पट्टी पाहा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती होकारच समजायचा. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करा, कारण बीज उशिरा सुटले असेल तर सगळेच पुढे सरकते. लघवीत साखर, मीठ किंवा टूथपेस्ट घालून फेस बघण्याचे प्रकार मोबाईलवर फिरतात. त्यांत काही अर्थ नाही.

आता शीर्षकातल्या गोळीकडे येतो. पाळी आठ दिवस पुढे गेली की दुकानातून 'पाळी आणायची गोळी' आणायची, हा प्रकार सर्रास चालतो. या बहुतेक प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या असतात. गर्भ नसेल तर त्या थांबवल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो. गर्भ असेल तर होत नाही आणि गर्भही पडत नाही. जातात ते फक्त दिवस. पहिला कोर्स, वाट पाहणे, मग दुसरा कोर्स, असे करता करता तिसरा महिना लागतो. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असतात. आपल्याकडे त्या नऊ आठवड्यांपर्यंतच आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. मूल नको असेल तर कायदेशीर मार्ग आहे. 1971 चा कायदा आहे, त्यात 2021 मध्ये सुधारणाही झाली. सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मग चोरून दुकानातून गोळ्या घेऊन जीव धोक्यात कशाला घालायचा?

धोका म्हणजे नेमके काय, तर कधी कधी गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजतो. तिथे या गोळ्यांचा उपयोग होत नाही, पण रक्तस्राव मात्र होतो आणि स्त्रीला वाटते, झाले, सुटले. इकडे नळी फुटायच्या बेतात आलेली असते. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखते आहे, थोडे थोडे अंगावर जाते आहे, चक्कर येते आहे किंवा खांद्यात कळ येते आहे, असे असेल तर रात्रीचे बारा वाजले असले तरी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

यावरून आणखी एक गैरसमज आठवला. 'थोडी पाळी आली होती, म्हणजे दिवस गेलेले नाहीत,' असे ठामपणे सांगितले जाते. गर्भ रुजताना किंवा पुढेही थोडा डाग दिसू शकतो. नेहमी चार दिवस जाणारी पाळी या वेळी अर्ध्या दिवसात आटोपली असेल, रंग वेगळा असेल, तर तिला पाळी धरू नका. चाचणी करा.

उलट बाजूही सांगतो. पाळी चुकली म्हणजे दिवसच गेले, असेही नाही. परीक्षा, प्रवास, आजारपण, वजनातला मोठा बदल, थायरॉईड, पीसीओडी यांमुळेही ती पुढे जाते. अविवाहित मुलीची पाळी चुकली की घरात जो गहजब होतो, तो चाचणीच्या पाच मिनिटांपुरता तरी थांबवा. ती मुलगी आधीच घाबरलेली असते.

दोन प्रकारच्या स्त्रिया सर्वांत उशिरा येतात. पहिली, बाळ अंगावर पिणारी. बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नाही, म्हणून ती निर्धास्त असते. पण पाळी येण्याआधी बीज सुटते, त्यामुळे मधली एकही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस जाऊ शकतात. बाळ सहा महिन्यांचे झाले किंवा वरचे दूध सुरू झाले की अंगावर पाजण्याच्या भरवशावर राहू नका. दुसरी, पंचेचाळिशीच्या आसपासची. पाळी चुकली की 'आता जायची वेळ आली' असे म्हणून ती सोडून देते, आणि पोट दिसू लागल्यावर गॅस म्हणून माझ्याकडे येते. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे आम्ही म्हणतो. तोपर्यंत वय कितीही असो, चाचणीची पट्टी आणायला संकोच करू नका. दुकानदार काय म्हणेल असे वाटत असेल, तर नवऱ्याला पाठवा.